नमस्कार करताना दिसलेली गाठ

“बाई, मला एक नमस्कार करा,” डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांची ही रीतच असेल. खोलीत शिरतानाच मी एक केला होता, तो बहुतेक त्यांना पोचला नसावा. म्हणून मी दुसरा केला, चांगला वाकून.

“वाकू नका. सरळ बसा. तळवे एकमेकांवर दाबा. अजून जोरात.”

मी दाबले. अंगावर चादरीचा एक तुकडा, बाजूला सिस्टर उभी, आणि माझे डोळे गच्च मिटलेले. छातीच्या उजव्या बाजूला ती गाठ वर आली, ते डोळे मिटूनही कळत होतं. डॉक्टरांनी काखेच्या पुढची कड बोटांनी चाचपली. आधी डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी.

“हा कॅन्सर नाही,” ते म्हणाले. “ही गाठही नाही. तुमचा छातीचा स्नायू तुटला आहे. पण तुम्ही फार उशिरा आलात.”

यातलं पहिलं वाक्य तेवढं मी ऐकलं. लगेच पलंगावरून उतरले आणि चपला शोधायला लागले. सिस्टरनं दंडाला धरून मला परत बसवलं. “अवो बाई, साहेबांचं बोलणं नाही झालं अजून!”

आता मी आजी आहे. ती चपला शोधणारी बाई आठवली की मला आधी हसू येतं. डॉक्टर तिला सांगत होते की तुझा उजवा हात गेल्यात जमा आहे, आणि ती मनात पेढे वाटत होती. हे लिहिते आहे ते तिच्यासारख्यांसाठी. बायकांसाठी तर आहेच, पण पुरुषांनीही वाचावं, कारण ही इजा मुळात त्यांची. वजन उचलणारे, कुस्ती खेळणारे यांना ती होते. बाईमध्ये आपण पहिल्यांदाच पाहिली, असं ते डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा मला त्याचाही थोडा अभिमान वाटला. काय सांगावं अशा बाईला!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पांढुर्णा तेव्हा मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात होतं. आमचं शेत तिगावच्या बाजूला. बरीचशी कपाशी आणि कडेला संत्र्याची थोडी झाडं. हे सौंसरला शाळेत बाबू होते. तिथेच खोली करून राहत, शनिवारी घरी येत. म्हणजे शेत माझ्या आणि सासूबाईंच्या हातात. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणजे खरं तर माझ्याच हातात. वखर, डवरा, बैलबंडी, सगळं मी करत असे. गावात बैल हाकणारी बाई मी एकटीच, असं मला वाटे. होत्या आणखीही. पण त्या माझ्यासारख्या मिरवत नव्हत्या.

त्या हिवाळ्यात आम्ही बांड्या नावाचा नवा बैल घेतला होता. त्याला शेतातून पायी घेऊन येत होते. वाटेत रेल्वेचं फाटक. फाटक बंद, आणि रस्त्याकडेच्या ओट्यावर माझे चुलत भासरे बसलेले. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. वारा सुटला होता. पदर काही ठरेना. तेव्हा मी कासरा उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला आणि डाव्या हातानं पदर धरला.

कासरा हाताला गुंडाळायचा नसतो, हे बैल पाळणाऱ्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होते. पण बैल आपल्याला ओढून नेईल असं वाटत नव्हतं. भासरे काय म्हणतील, हे मात्र वाटत होतं.

मालगाडीनं भोंगा दिला. बांड्या गर्रकन मागे फिरला आणि उधळला. माझा हात बाजूला, मग मागे ओढला गेला. मी अंगातली सगळी ताकद लावून त्याला आपल्याकडे ओढत होते आणि तो तिकडे. काखेजवळ आवाज झाला. कापडाच्या दुकानात मांजरपाट टर्रकन फाडतात, तसा. मग वेढे सुटले आणि मी मातीत बसले. भासरे धावले ते बैलाकडे. बरोबरच होतं, बैल नवा होता.

दुसऱ्या दिवशी काखेपासून छातीपर्यंत आणि खाली दंडापर्यंत सगळं वांग्यासारखं जांभळं झालं. याला हिमॅटोमा म्हणतात, म्हणजे आत फुटलेलं रक्त साकळून राहणं. त्यावर सुरुवातीला थंड लावायचं आणि हात बांधून ठेवायचा, चोळायचं अजिबात नाही. सासूबाईंनी वीट तापवून शेकलं आणि तिळाचं तेल लावून जोर देऊन चोळलं. त्यांनी ते मायेनंच केलं. मी ओरडले की म्हणत, “दुखते म्हन्जे लागू पडून राह्यलं!”

चारेक दिवसांनी आम्ही दोघी पांढुर्ण्याला डॉक्टरकडे निघालो. बसमध्ये त्यांनी मला पढवलं.

“खांदा दुखून राह्यला म्हन. बाकी काई सांगू नोको. मानूस डॉक्टर हाये तो.”

“पन काळंनिळं तं इकडे पडलं न, आई.”

“ते कायले दाखवतं? औषध पोटात जाते न? तिथून ते कुठंबी जाते!”

मला हे पटलं. तुम्ही हसाल, पण मला खरंच पटलं.

डॉक्टर हिंदी बोलणारे, तरुण आणि गडबडीत होते. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसले होते. त्यांनी ब्लाउजवरूनच खांदा दाबला, हात वर करून पाहिला, एक्सरे काढायला लावला. एक्सरेत हाड दिसतं, स्नायू दिसत नाही. हे मला फार नंतर कळलं. “हड्डी बिलकुल ठीक है, अम्मा,” ते सासूबाईंना म्हणाले. “मोच है. हाथ झोले में रखो, आराम कराओ.” मोच म्हणजे मुरगळणं. अजून कुठे लागलंय का, असंही त्यांनी विचारलं होतं. सासूबाई आणि मी एकदमच “नाही” म्हणालो. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. झाकून ठेवलेलं त्यांना कसं दिसणार?

पुढे दुखणं कमी होत गेलं, आणि तीच मोठी फसवणूक ठरली. जांभळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि आम्ही बरं झालं म्हणून मोकळ्या झालो. मी झोळी काढून टाकली. पण कणीक तिंबताना उजवा हात दबेना. बरणीचं झाकण फिरेना. आंघोळीला उजव्या हातानं डावा खांदा घासायला गेले, तर हात तिथवर पोचायचा पण घासायचा नाही. मी म्हटलं, अशक्तपणा असेल.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. हात बरा झाला म्हणून नवस फेडायला. तिथला मारुती निजलेला आहे. त्याच्यापुढे मी अगदी मनापासून, तळवे दाबून हात जोडले. तेव्हा पदराखाली काहीतरी हललं. उजव्या छातीच्या आतल्या अंगाला एक गोळा उठला. हात सैल केले, तो बसला. पुन्हा जोडले, पुन्हा उठला. हे जवळच उभे होते. त्यांना वाटलं, बायकोची भक्ती वाढली.

माझी मावशी छातीतल्या गाठीनं गेली होती. मी लहानपणी तिची खोली पाहिली होती. त्या खोलीचा वास मला गर्दीत, उदबत्ती-कापराच्या धुरात उभी असताना आला.

मी कोणाला काही सांगितलं नाही. शेतात जायची, यायची, एकटी असले की हात जोडून बघायची. गोळा असायचाच. मनातल्या मनात मी साड्या वाटून टाकल्या. एक धाकट्या नणंदेला, एक माझ्या बहिणीला. जांभळी मात्र कोणालाच द्यावीशी वाटेना, म्हणून मरण जरा पुढे ढकललं. आज हे गमतीनं लिहिते, पण तेव्हा ताटावर बसलं की घास उतरत नव्हता. रोज उठून मी एकच ठरवायची की आज सांगते. आणि सांगायची नाही. असे किती आठवडे गेले ते मोजायची मला अजूनही हिंमत होत नाही, कारण तेच आठवडे माझ्या हाताचे होते.

शेवटी यांनीच विचारलं. “काऊन वो, तू सारखी हात जोडून कायले बसतं?” मी रडायलाच लागले. सगळं ऐकून ते इतके पांढरे पडले की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं आम्ही नागपूर गाठलं.

तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सगळ्या बायकाच होत्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. माझ्या शेजारी काटोलकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिनं हळूच विचारलं, “तुमची कोन्या बाजूले?”

“उजव्या.”

“माही डाव्या,” ती म्हणाली आणि पुढ्यातल्या पिशवीतून मला मुरमुरे दिले. आम्ही दोघींनी ते एकेक करून खाल्ले.

मी आतून बाहेर आले तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं असतं तर माझा आनंदच बाहेर पडला असता. मी काही न बोलता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. तिला वाटलं असेल, माझं वाईट निघालं. तिचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

आता डॉक्टरांनी काय समजावलं ते सांगते. यांना आत बोलावून त्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. छातीवरच्या या मोठ्या स्नायूला पेक्टोरॅलिस मेजर म्हणतात. नाव ऐकून मला एखाद्या लष्करातल्या अधिकाऱ्याचं वाटलं. तो हातपंख्यासारखा असतो. पंख्याचं पान छातीवर पसरलेलं असतं. वर गळ्याच्या हाडापासून, मध्ये छातीच्या उभ्या हाडापासून, खाली बरगड्यांपासून त्याचे धागे निघतात. ते सगळे काखेच्या पुढून एकत्र होतात आणि पंख्याच्या मुठीसारखे दंडाच्या हाडाला वरच्या बाजूला चिकटतात. त्या मुठीला टेंडन म्हणतात, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चपटी दोरी. काखेच्या पुढे बोटात धरता येते ती जाड कड याच स्नायूची. माझ्या उजव्या बाजूला ती कड नव्हतीच. तिथे खाच होती.

“मूठ हाडापासून सुटली,” डॉक्टर म्हणाले. “आता हात जोडले की पान आखडतं, पण धरायला काही नाही. म्हणून ते सगळं छातीच्या मध्याकडे गोळा होतं. तीच तुमची गाठ.”

“मंग शिवून द्या न,” मी म्हणाले.

“पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आला असता तर शिवलं असतं. आता टोक आत ओढलं गेलंय, आजूबाजूला चिकटलंय. उघडून शोधायचं, ताणून हाडाला बांधायचं, आणि ते धरेल याची खात्री नाही. मी स्वतःच्या बहिणीलाही हा सल्ला देणार नाही.”

मग त्यांनी या स्नायूचं काम सांगितलं. हात अंगाकडे ओढणं, समोर दाबणं, आत वळवणं, कवेत घेणं. केस विंचरणं, जेवणं, लिहिणं हे सगळं येईल, ती कामं दुसऱ्या स्नायूंची. फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामानं उपचार, केली तर आजूबाजूचे स्नायू थोडा भार उचलतील.

मी एकच विचारलं. “डवरा धरता येईल?”

डॉक्टरांना डवरा माहीत नव्हता. मी उठून त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून करून दाखवला. कपाशीच्या दोन ओळींमधून बैल चालतात, मागे आपण दांडी दाबून धरायची, ती इकडेतिकडे जाऊ लागली की अंगाकडे ओढून सरळ ठेवायची. ते बघत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही दाखवलं ते सगळं याच स्नायूचं काम आहे, बाई. मी खोटी आशा देत नाही. पावसाळ्यापर्यंत व्यायाम करा आणि धरून बघा.”

परतीच्या गाडीत हे म्हणाले, “अखाजीले शेत बटईनं देऊन टाकू. तू न् माय सौंसरले चाला.”

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि बटईनं देणं म्हणजे दुसऱ्यानं कसायचं आणि पीक वाटून घ्यायचं. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. पण मला सौंसरची ती खोली माहीत होती. एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

“एक पाऊस द्या मले,” मी म्हणाले. “डवरा नाई धरता आला तं मीच सोता सामान बांधीन.”

ते हो म्हणाले.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम शिकवले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. सायकलची जुनी ट्यूब दाराच्या कडीला बांधून ती आपल्याकडे ओढायची. मी उन्हाळाभर ओढली. आजूबाजूच्या बायका येऊन बघायच्या. एक म्हणाली, “दार उपटून नेतं का वो?” मी रोज थोडी जास्त ओढत होते, किंवा तसं मला वाटत होतं. सासूबाई माझ्याशी फार बोलत नसत. विटेनं शेकणं, चोळणं चुकलं असं डॉक्टर म्हणाले, ते यांनी त्यांना सांगितलं होतं. मी ओढायला बसले की त्या येऊन दार धरत, कडी खिळखिळी झाली होती म्हणून.

पाऊस वेळेवर आला. कपाशी वीतभर झाली तेव्हा मी बैल जुंपले. सासूबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभ्या राहिल्या.

पहिलं तास, म्हणजे ओळींमधला एक फेरा, नीट गेलं. मला ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या तासात निम्म्यावर बांड्यानं जरा अंग टाकलं आणि दांडी उजवीकडे गेली. मी ती अंगाकडे ओढायला गेले आणि हातात काही नव्हतं. दुखलं नाही, काही नाही. कडी नसलेलं दार वाऱ्यानं उघडतं, तसा हात उघडत गेला. डवरा ओळीत घुसला. बैल थांबेपर्यंत बरीच रोपं मुळासकट वर आली होती.

मी परत फिरून तिसरं तास धरलं. तेही तसंच. चौथं मी धरलं नाही.

सासूबाई गुडघे धरत शेतात उतरल्या आणि उपटलेली रोपं वेचून ओटीत भरायला लागल्या. ती काही परत लागणार नव्हती. त्यांनाही ते माहीत होतं.

त्या शनिवारी हे आले तेव्हा मी सामान बांधायला काढलं होतं. त्यांनी दोरी माझ्या हातातून घेतली, म्हणाले, “राहू दे, मी बांधतो.” त्यावर मी भांडले नाही. लग्नानंतर अशी वेळ ती पहिलीच.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. झटका बसून काखेपाशी फाटल्यासारखा आवाज झाला, छातीवर किंवा दंडावर जांभळं पडलं, काखेच्या पुढची कड बुजली, तर शेकू नका, चोळू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि दुखतं तिथलंच दाखवा. सिस्टर मागा, पडदा मागा, बाई डॉक्टर मागा, पण दाखवा. गाठ लागली तर तिला मनात ठेवून साड्या वाटत बसू नका. माझ्या घरातली कोणीही सून, मुलगी, नात डॉक्टरकडे निघाली की मी सोबत जाते, आणि त्या फार चिडतात. सासूबाईंनाही मी सोडलं नाही. सौंसरला त्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी नाडी बघायला हात मागितला, तर त्या म्हणाल्या, “नाडीच कायले, सगळंच पाह्य न बाप्पा. नाई तं हे सून मले घरी गेल्यावर बोलते.” त्यांनी माझी माफी कधी मागितली नाही. त्या दिवशी मात्र माझ्याकडे बघून हसल्या.

शेताचं सांगायचं राहिलं. बटईनं घेणारा देवराव नावाचा आमच्याच ओळखीतला शेतकरी होता. दुसऱ्या पावसाळ्यात मी सौंसरहून मुद्दाम डवरणीच्या दिवशी गेले आणि धुऱ्यावर बसले. खरं सांगते, चुका काढायला गेले होते. बांड्या त्याच्या हाताखाली गरीब गाईसारखा चालत होता. देवरावनं या टोकापासून त्या टोकापर्यंत तास काढलं, वळला, दुसरं काढलं. एक रोप हललं नाही. माझ्या चांगल्या हातानंही तासं इतकी सरळ कधी निघाली नव्हती, आणि मी आपली गावभर मिरवत होते.

“वयनी, बरोबर होऊन राह्यलं न?” त्यानं तिकडून विचारलं.

मी उजवा हात उचलला. तो तेवढा वर जात होता. हात हलवून मी त्याला सांगितलं की बरोबर आहे, चालू दे. त्यानं बैल हाकले, आणि मी ऊन चढेपर्यंत तिथे बसून राहिले.